एकशेएकावा फोन का वाजत नाही?
नागपूरच्या मिहानमधल्या मोठ्या कार्यालयांत ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातले फोन जोडणारी यंत्रणा, आता भिंतीवरची पेटी नव्हे, सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर. परवाने मोजून मिळतात: १०० एक्स्टेन्शनचे घेतले, तर १०१व्या टेबलावरचा फोन नोंदलाच जात नाही. अवाया कंपनीच्या यंत्रणेत परवान्याची फाइल सर्व्हरच्या ओळखीला, म्हणजे होस्ट आयडीला, बांधलेली असते. सर्व्हर बदलला की नवी फाइल हवी. नाही जुळली तर ३० दिवसांची मुदत. पुढे कॉल चालू राहतात, पण नवं एक्स्टेन्शन जोडता येत नाही. तेव्हा होस्ट आयडी आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवाच. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये आणलेल्या अ‍ॅस्टेरिस्क या मुक्तस्रोत ईपीएबीएक्स सॉफ्टवेअरला मात्र एक्स्टेन्शनमागे पैसे पडत नाहीत. धंतोलीतल्या छोट्या दवाखान्याने आधी तेच बघावं.