खेळावर लिहिणारे पुष्कळ, पगारी जागा थोड्या

खेळाच्या संकेतस्थळांना लिहिणारे सतत हवे असतात, पण कायम नोकरी देणारे मोजकेच. याचं मूळ कमाईच्या पद्धतीत आहे. जाहिरातीचे पैसे पान किती जणांनी उघडलं यावर मिळत असतील, तर मैदानावर बातमीदार पाठवण्यापेक्षा दुसऱ्याच्या बातमीवरून दहा मजकूर पाडणं स्वस्त पडतं.

अमेरिकेत 'एसबी नेशन' या क्रीडा संकेतस्थळाची संघनिहाय पानं बरीचशी अल्प मानधनावर लिहिणारे चाहते चालवत. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या नव्या कायद्याने मुक्त लेखकाकडून एका प्रकाशनाला वर्षाला ३५ मजकूरच घेता येणार होते. त्यापुढे तो कर्मचारी ठरला असता. त्यामुळे डिसेंबर २०१९मध्ये 'एसबी नेशन'च्या मालक कंपनीने तिथल्या सुमारे २०० जणांचं काम थांबवलं. कायदा लेखकांच्या भल्यासाठी होता म्हणे!

'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' तर १९५४पासूनचं नामांकित नियतकालिक. २०२३च्या नोव्हेंबरात 'फ्युचरिझम' या संकेतस्थळाने उघड केलं, की त्याच्या संकेतस्थळावरचे काही 'लेखक' अस्तित्वातच नव्हते, त्यांचे चेहरेही यंत्राने बनवलेले होते. त्यांपैकी एकाने चेंडूशिवाय व्हॉलीबॉलचा सराव अवघड जातो, असं गंभीरपणे समजावलं होतं. मजकूर बाहेरच्या कंपनीने पुरवला होता, असा खुलासा आला. दोनच महिन्यांत मोठी नोकरकपात जाहीर झाली.

२०१६मध्ये निघालेल्या 'द अॅथलेटिक'ने वर्गणीचा रस्ता धरला आणि अनुभवी बातमीदार पगारावर घेतले. २०२२मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते ५५ कोटी डॉलरना विकत घेतलं. पुढच्याच वर्षी स्वतःचा जुना क्रीडाविभाग मात्र बंद केला.