तुल्य उद्गम, विद्युत् मंडलातील

तुल्य उद्गम, विद्युत् मंडलातील : अनेक उद्गम व रोध असलेल्या रैखिक मंडलाऐवजी, त्याच्या कोणत्याही दोन अग्रांपुरता, एक दाब उद्गम व त्याच्याशी एकसरीत जोडलेला एक रोध योजता येतो. हे प्रमेय हेल्महोल्ट्स यांनी १८५३ मध्ये व फ्रेंच तार अभियंते थेवेनिन यांनी १८८३ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. प्रवाह उद्गम व अनेकसरीत रोध हे त्याचे दुसरे रूप नॉर्टन यांनी १९२६ मध्ये दिले.

पारस (जि. अकोला) येथील औष्णिक केंद्र, उपकेंद्रे, रोहित्रे व तारा यांचे जाळे गुंतागुंतीचे असते, परंतु अमरावती-अकोला भागातील विहिरीवरच्या एककला पंपाच्या दृष्टीने ते एवढेच उरते. समजा, पंप बंद असताना अग्रांवर २३० व्होल्ट दाब आहे व १० अँपिअर प्रवाह घेताच तो २०० व्होल्टपर्यंत उतरतो. यावरून तुल्य रोध ३० ÷ १० = ३ ओहम आणि नॉर्टन रूपातील प्रवाह २३० ÷ ३ = सु. ७७ अँपिअर येतो. म्हणून पंप बंद असताना मोजलेल्या दाबावरून पुरवठ्याची क्षमता ठरविता येत नाही. लांब व बारीक तारांचा रोध भार पडल्यावरच जाणवतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या काटेकोर गणितात रोधाऐवजी संरोध घेतात. ही रूपे केवळ अग्रांपुरती तुल्य असतात. मूळ मंडलातील शक्तिव्यय त्यांवरून काढता येत नाही.