आहे त्याच सामानात

घर विकायचे म्हटले की आपल्याला आधी उतारा आठवतो, मग एजंट. घर दाखवायचे कसे, याचा विचार सहसा कोणी करत नाही. किल्ली काढायची, दार उघडायचे आणि ‘बघा’ म्हणायचे. मैंदर्गीतले आमचे जुने घर आम्ही भावंडांनी तीन गिऱ्हाइकांना असेच दाखवले. तिघेही उंबऱ्यात थबकले, आत डोकावले, चहा घेऊन गेले. घर लहान आहे, असा निरोप मागाहून आला. आमचे गाव कर्नाटकाच्या सीमेवरचे. घरात दखनी, बाजारात कन्नड, शाळेत मराठी. तिन्ही भाषांत घर लहानच ठरले!

वास्तविक घर आठ खणांचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि आमच्याकडे जुने घर अजून खणांवरच मोजतात. बघायला आलेला माणूस दारातूनच खांब मोजतो आणि मनात आकडा धरतो. पण अम्मी गेल्यावर बंद पडलेल्या त्या घरात खांब दिसतच नव्हते. एकाला गाद्यांच्या वळकट्या टेकलेल्या, दुसऱ्याशी ट्रंकांची चळत, मध्येच घडवंची, तिच्यावर शिलाई मशीन. खिडकीला आडवी लोखंडी कॉट. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने आपले सामान ठेवून दिले होते.

पुण्याहून आलेली भाची म्हणाली, ‘मामू, याला होम स्टेजिंग करावे लागते.’ अमेरिकेत हा आता धंदाच झाला आहे. घरविक्रीच्या व्यवसायातल्या बार्ब श्वार्झ या बाईंनी १९७२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली, असे मानतात. रंगमंचावर नेपथ्य लावावे तसे विकायचे घर लावून ठेवायचे. तिकडे त्यासाठी सोफे, पडदे, चित्रेसुद्धा भाड्याने आणतात. आम्हाला बाहेरून काही आणायची गरज नव्हती. होते तेच जास्त होते.

पहिला दिवस नुसता बाहेर काढण्यात गेला. खोली केवढी आहे याचा अंदाज डोळा बऱ्याच अंशी उघड्या जमिनीवरून करतो. फरशी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग दिसली, तर तीच खोली लांब वाटते. मध्ये ट्रंक आली की नजर तिथेच अडते आणि खोली तिथेच संपते. आमची शहाबादी फरशी वीस वर्षांनी पहिल्यांदा मला अशी सलग दिसली. धुतल्यावर तिचा निळसर रंग वर आला. खिडकीची कॉट हलवली. माळवदाच्या घरात उजेड आधीच बेताचा, दारातून येईल तेवढा आणि छतातल्या झरोक्यातून पडेल तेवढा. झरोक्याची काच काजळीने काळी झाली होती. ती पुसली आणि मधल्या खणात ऊन उतरले.

मग भाचीने काही वस्तू परत आत आणायला लावल्या. मला ते पटेना. पण तिचे बरोबर होते. अगदी रिकामी खोलीही फसवते. मापाला काही नसले की इथे पलंग मावेल का, हे कळत नाही. म्हणून माजघरात एक पलंग, त्यावर धुतलेली सोलापुरी चादर. ओसरीवर अब्बांची आरामखुर्ची, रस्त्याकडे तोंड करून. स्वयंपाकघरात पितळेची चार भांडी, बाकी सगळी पोत्यात.

तिचे एक मात्र ऐकले नाही. घरातल्या तसबिरी, फोटो काढून ठेवायचे, म्हणजे येणाऱ्याला ते घर आपले वाटते, असा तिकडचा नियम. पुण्यात ते ठीक आहे. मैंदर्गीत घर कोणाचे हे गाडीतून उतरण्याआधीच माहीत असते. आयतीची तसबीर भिंतीवर राहिली. अब्बांचा फोटो आपांनी स्वतःच काढून पिशवीत घातला. तो त्यांना सोलापूरला न्यायचा होता.

उरले लोखंडी कपाट. मागच्या भिंतीला ओल होती. माळवदाची पन्हळ फुटल्यामुळे दोन पावसाळे पाणी भिंतीत मुरले होते. भावाचे म्हणणे, कपाट तिथेच बरोबर बसते. बसत होतेही. काही नमुना फ्लॅटांत पलंग मुद्दाम आखूड केलेला असतो, आतल्या खोल्यांना दारेच बसवलेली नसतात, तसलाच हा प्रकार. लहानपणी मदरशात ऐकलेली गोष्ट मला आठवली: बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले लागले, ओले वर का ठेवले नाही, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. ज्यांना कायदाच हवा त्यांच्यासाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमानुसार, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला सापडण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. आम्ही कपाट ओसरीत आणले.

तसेही आमच्या भागात माणूस आधी वर बघतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड छत कोसळून हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. आमचे माळवद तसेच होते, दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकून राखलेले. चौथे गिऱ्हाईक दुधनीकडचे. त्यांनी तुळया ठोकून पाहिल्या, ओलीवर हात फिरवला, पन्हळ बघायला शिडी मागितली. मी धरून उभा राहिलो. खाली उतरल्यावर त्यांनी सवलत मागितली ती पन्हळीची आणि भिंतीच्या दुरुस्तीची. माळवद काढून पत्रे घालायचे त्यांचे आधीच ठरले होते, म्हणून त्याबद्दल बोलणेच झाले नाही. घर लहान आहे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने दारातच उभे राहून खांब मोजले होते.

अक्कलकोटला जाऊन खरेदीखत झाले. पलंग आणि घडवंची त्यांनी घरासोबत ठेवून घेतली. आरामखुर्ची मी आणली. लोखंडी कपाट मात्र कोणालाच नको होते, ते आता माझ्या ओसरीत उभे आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या आडवे येते.