नवरात्रातील लोणार-दर्शन

२०१८ सालच्या आश्विनात, खालापूर तालुक्यातील महडच्या वरदविनायकास वंदन करून आम्ही कर्जतकर मंडळी लोणारास निघालो. कल्याणहून रेल्वेने जालना, पुढे एसटी आणि शिदोरी घरची. त्यामुळे खर्च बेताचाच झाला.

उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर पाहून आम्ही स्तब्ध झालो. गावातील प्राचीन दैत्यसूदन मंदिरात लवणासुराचा संहार करणाऱ्या विष्णूचे दर्शन घेतले. विवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार वाहते. खालचे सरोवर मात्र खारे. धारेचे तीर्थ मस्तकी लावून आम्ही कमळजादेवीच्या यात्रेस विवरात उतरलो.

सोबतच्या आजींनी नवसाची ओटी भरली. निर्माल्य सरोवरात सोडण्यास पुढे झालेला त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मागे आला. ते त्यांनी पदरात बांधून वर आणले. पुढे २०२० साली सूक्ष्म जीवांमुळे हेच पाणी गुलाबी झाले आणि सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला, तेव्हा आजींचा तो संयम आम्हांस पुन्हा आठवला.

पाणी चढले असल्यास मंदिराची वाट बंद होऊ शकते. म्हणून भाविकांनी चौकशी करूनच उतरावे. निर्माल्य मात्र परत आणावे. तीही देवीची सेवाच होय.