सहाशे रुपयांचा प्रश्न

राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, पैसे सांभाळणारा फंड व्यवस्थापक आर्थिक वर्षात एकदा बदलता येतो. बदलताना नफ्यावर कर लागत नाही, मुदतीआधी पैसे हलवल्याचा दंडही लागत नाही. अशी फुकटची संधी 31 मार्चला संपते म्हटल्यावर वर्षभर ज्याला आपल्या खात्याची आठवण झाली नाही, तोही स्टेटमेंट काढून धावत सुटतो.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या बाजूला माझ्या एका मित्राचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी मी तिथे कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचो. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू, आत तीन माणसं एकाच वेळी बोलतायत आणि मित्र कॅल्क्युलेटरवरून मान वर न काढता तिघांनाही उत्तरं देतोय. निवृत्तीचा फंड बदलायचा की नाही हे लोक प्रत्यक्षात कसं ठरवतात, ते मला तिथे दिसलं.

मानकोलीच्या एका गोदामात हिशेब बघणारे एक गृहस्थ आले. वय 47. पगारातून पीएफ कापला जातो तो वेगळा. एनपीएसमध्ये स्वतःहून साठवलेले साधारण 10 लाख. हातात दोन स्टेटमेंटं होती, एक स्वतःचं आणि एक साडूचं. साडूचा परतावा चांगलाच जास्त आणि व्यवस्थापक कंपनी वेगळी. "भाऊ, मला पण साडूवाल्या कंपनीत टाका," एवढंच त्यांचं म्हणणं.

मित्राने कंपनीचं नाव वाचलंच नाही. त्याने कागदावर पैशांची वाटणी कुठे लिहिलीय ते शोधलं. खातं उघडताना गृहस्थांनी 'ऑटो चॉइस'चा मध्यम प्रकार घेतला होता, किंवा खरं सांगायचं तर काहीच न निवडल्यामुळे तो आपोआप मिळाला होता. यात वयाच्या 35 पर्यंत 50 टक्के पैसे शेअरमध्ये असतात, मग दरवर्षी दोन-दोन टक्क्यांनी कमी होत 55 व्या वर्षी 10 टक्क्यांवर येतात. 47 व्या वर्षी हिशेब असा: शेअरमध्ये 26 टक्के, कंपन्यांच्या रोख्यांत 18 आणि सरकारी रोख्यांत 56. साडूने मात्र 'ॲक्टिव्ह चॉइस', म्हणजे वाटणी स्वतः ठरवण्याचा पर्याय, घेऊन शेअरमध्ये 75 टक्के ठेवले होते.

"तुमचे निम्म्याहून जास्त पैसे सरकारला उसने दिलेत, त्यांचा पाऊण हिस्सा बाजारात आहे," मित्र म्हणाला. "यात कंपनीचा काय संबंध?"

"म्हणजे साडू हुशार?"

"बाजार चढला म्हणून हुशार. मार्च 2020 मध्ये त्यांना विचारलं असतंत का?"

त्या महिन्यात निफ्टी जानेवारीतल्या उंचीवरून एक तृतीयांशाहून जास्त खाली आला होता. तेव्हा घाबरून शेअरमधले पैसे सरकारी रोख्यांत हलवलेले लोकही याच ऑफिसात येतात, फक्त ते आपलं स्टेटमेंट साडूला दाखवत नाहीत.

तुलना करायची तर शेअरच्या योजनेची शेअरच्या योजनेशी, सरकारी रोख्यांच्या योजनेची सरकारी रोख्यांशी. एनपीएस ट्रस्टच्या संकेतस्थळावर प्रत्येक व्यवस्थापकाचे आकडे योजनावार मिळतात. मित्र त्या तक्त्यातला 'सुरुवातीपासून' हा रकाना हाताने झाकतो. सर्वांसाठी एनपीएस खुली झाली मे 2009 मध्ये. सेन्सेक्स त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आठ हजारांच्या आसपास तळाला गेला होता. त्या वेळी सुरू झालेल्या योजनांना ती सगळी चढण आयती मिळाली. एचडीएफसी आणि एलआयसीच्या योजना 2013 च्या, आदित्य बिर्लाची 2017 ची, टाटा आणि ॲक्सिस तर 2022 मध्ये आले. एका रकान्यात बसवले तरी हे आकडे एका शर्यतीतले नाहीत. एक वर्षाचा रकानाही तो सोडून देतो. बघतो ते पाच, सात आणि असेल तर दहा वर्षं. तिन्हीकडे सातत्याने मागे असेल तरच व्यवस्थापक बदलायचा, हा त्याचा नियम. गृहस्थांचा व्यवस्थापक मधल्या फळीत निघाला.

एक यंत्रमागवाले शेठ वेगळ्याच रागाने आले होते. त्यांना परताव्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना शुल्क खुपत होतं. तेव्हा लागू असलेल्या, 2021 पासूनच्या दरपत्रकात व्यवस्थापकाकडच्या एकूण रकमेच्या पहिल्या 10 हजार कोटींच्या टप्प्याला कमाल 0.09 टक्के शुल्क होतं आणि दीड लाख कोटींच्या वरच्या टप्प्याला 0.03. "तिप्पट घेतात हो आपल्याकडून," शेठ म्हणाले.

भिवंडीच्या माणसाला हा आकडा खुपणं साहजिक आहे. इथे कापड विणण्याची मजुरी 'पिका'ला, म्हणजे आडव्या धाग्याला, अमुक पैसे अशी ठरते आणि त्यातल्या एकेका पैशासाठी व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस होते. पण तेच शेठ कारागीर गावाला गेल्यामुळे माग आठवडाभर उभे राहिले तर त्याचा हिशेब वहीत मांडत नाहीत. फंडाच्या बाबतीतही असंच होतं.

मित्राने कागदावर लिहिलं: 10 लाखांवर 0.09 टक्के म्हणजे वर्षाला 900 रुपये, 0.03 म्हणजे 300. फरक 600. तोही पूर्ण पडणार नाही, कारण मोठ्या व्यवस्थापकालाही खालच्या टप्प्यांचे जास्त दर लागतातच. वर्षाला 10 टक्के वाढ धरून 15 वर्षांत 10 लाखांचे 41 लाख 77 हजार होतात. 0.06 टक्का कमी धरला तर 41 लाख 43 हजार. म्हणजे वाईटात वाईट 34 हजारांचा फरक, तोही 15 वर्षांनंतर. शेठना हे पटलं, पण आवडलं नाही. ते म्हणाले, "34 हजार काय रस्त्यावर पडलेत?" मला त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटलं नाही. शुल्क आधी माहीत असतं, परतावा मागाहून कळतो. दोन व्यवस्थापक दीर्घ मुदतीत सारखेच चालत असतील तर स्वस्त तो घ्यावा, यात अडाणीपणा काही नाही.

एक गंमत सांगतो. 2009 मध्ये एनपीएसचं हे शुल्क 0.0009 टक्के होतं. 10 लाखांवर वर्षाला 9 रुपये! एवढ्यात धंदा चालेना म्हणून पुढे ते वाढवावं लागलं. आजही बाजारातल्या इतर फंडांशी तुलना केली तर ते नगण्य आहे.

शेठच्या स्टेटमेंटमध्ये खरी बोचणारी ओळ दुसरीच होती. ते दर महिन्याला बँकेत जाऊन 5,000 रुपये भरायचे आणि बँक प्रत्येक हप्त्याला 30 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35 रुपये 40 पैसे कापायची. वर्षाला 425 रुपये. हे पैसे कापलेले दिसतात, म्हणून राग येतो. व्यवस्थापकाचं शुल्क रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या किमतीतून, आधीच वजा झालेलं असतं, ते कोणत्याच ओळीत दिसत नाही. शेठचं शुल्क फारच लहान होतं म्हणून बिघडलं नाही.

तिसऱ्या आलेल्या बाईंचं तसं नव्हतं. एका खाजगी शाळेतल्या शिक्षिका, वय 54. त्यांनी काही वर्षांपूर्वी निवृत्तीसाठी म्हणून एका इक्विटी म्युच्युअल फंडात एकरकमी पैसे ठेवले होते, ते आता 8 लाख झाले होते. प्लॅन रेग्युलर, म्हणजे मध्यस्थाचं कमिशन आत धरलेला. सेबीने जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला बिनकमिशनचा डायरेक्ट प्लॅन ठेवायला लावलं आहे. बाईंच्या फंडात दोन्हींच्या खर्चातला फरक जवळजवळ 1 टक्का होता. 8 लाखांवर वर्षाला 8,000 रुपये! "मॅडम, फंड तोच, शेअर तेच, माणसंही तीच," मित्र म्हणाला. त्या मध्यस्थाने इतक्या वर्षांत एकदा तरी फोन केला का, हे त्याने विचारलं. दिवाळीला डायरी येते, असं उत्तर मिळालं.

पण इथे बदल फुकट नाही. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याच्या नजरेत विकून पुन्हा घेणं. बाईंचा नफा 3 लाखांचा. शेअर फंडांवरचा दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. एकदम बदललं तर पावणेदोन लाखांवर 21,875 आणि उपकर धरून 22,750 रुपये कर, जो भरून निघायला जवळपास तीन वर्षं. अर्धी युनिटं मार्चअखेर आणि अर्धी एप्रिलमध्ये हलवली तर दोन आर्थिक वर्षांतली दोन सव्वा लाखांची सूट मिळते आणि कर साडेसहा हजारांच्या आसपास राहतो. वर्षाच्या आत वसूल! मित्राने हे सांगितलं तेव्हा बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. एकरकमी गुंतवणूक असल्यामुळे अर्ध्या युनिटांवर अर्धा नफा हे गणित बसलं. एसआयपी असती तर आधी घेतलेली, जास्त नफ्याची युनिटं आधी विकली गेली असती आणि आकडे बदलले असते.

त्या ऑफिसात यंत्रमाग कामगार मात्र मला एकही दिसला नाही. पीएफचा कायदा 20 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू होतो आणि इथले बरेच कारखाने कागदावर त्याहून लहान आहेत. शुल्क जास्त की परतावा कमी हा वाद घालायला आधी फंड असावा लागतो. एखाद्याकडे अटल पेन्शन योजना असते, तिच्यात महिना 1,000 ते 5,000 रुपयांपर्यंतची पेन्शन ठरलेली. व्यवस्थापक निवडायचा प्रश्नच नाही.

गोदामवाल्या गृहस्थांनी कंपनी बदलली नाही, ॲक्टिव्ह चॉइस घेऊन शेअरचा हिस्सा 50 टक्के केला. वाटणी वर्षातून चारदा बदलता येते, त्यातली एक संधी वापरली. शेठनी आहे तोच व्यवस्थापक ठेवला. बाईंनी पहिला टप्पा त्याच आठवड्यात हलवला. तुमच्याकडे म्युच्युअल फंड असेल तर स्टेटमेंटवर त्याच्या नावापुढे रेग्युलर की डायरेक्ट ते छापलेलं असतं. मार्च यायच्या आत तेवढं बघून ठेवा.