डब्याला चिठ्ठी, कागदाला नाव



आज पिकाचा, खताचा किंवा रोगाचा विषय नाही. आज बोलायचंय ते चिठ्ठीबद्दल. घरातल्या डब्याला, औषधाच्या खोक्याला, कपाटातल्या पाकिटाला लावायची चिठ्ठी. कंपनीत जाणारी पोरं तिला लेबल म्हणतात.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय एवढं? कुठं काय ठेवलंय ते आम्हाला ठाऊक असतं.” बरोबर आहे. पण घरातल्या बाकीच्यांचं काय? पिंपरी-चिंचवडपासून चाकण-खेडपर्यंत आज पुष्कळ घरांत एक भाऊ शेतात आणि दुसरा कंपनीत असतो. दुसरी पाळी करून आलेला मुलगा मध्यरात्री विहिरीची मोटार चालू करतो. सकाळी सूनबाई फवारणीच्या माणसाला औषध काढून देते. कामाला हात बदलतात, आणि तुमच्या डोक्यातलं त्या हातांना दिसत नाही. म्हणून ते डब्यावर लिहायचं.

हीच पद्धत आपल्या शेजारच्या कारखान्यांत पाहायला मिळते. जपानी कारखान्यांत रुजलेली ‘फाइव्ह एस’ नावाची शिस्त आहे. नको ते काढा, हवं ते मांडा, स्वच्छ ठेवा, पद्धत ठरवा आणि ती मोडू नका, अशा तिच्या पाच पायऱ्या. प्रत्येक पान्याला ठरलेली जागा आणि त्या जागेवर नाव. नवा कामगार आला तरी त्याला विचारत फिरावं लागत नाही. आपल्या घरात ही शिस्त कुठं लागते, ते पाहू.

पहिलं काम औषधांचं

बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गाव आहे. तिथल्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचं तपासणीत आढळलं. तेल आणि औषध शेजारी आले, भांड्यांची अदलाबदल झाली, की केवढा घात होतो ते यातून समजून घ्या.

म्हणून औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नका. उरलेलं थोडं औषध शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवायची सवय तर आजच मोडा. वर चिठ्ठी लावली तरी ते चालणार नाही, कारण लहान मूल चिठ्ठी वाचत नाही. आजीलाही कदाचित वाचता येत नसेल.

कंपनीच्या बाटलीवर चौकटीच्या आकाराची एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, बरं का! बाटलीवरचा हा कागद फाटू देऊ नका. औषध ओघळून अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून ओतताना कागदाची बाजू वर धरा. कुणाला विषबाधा झालीच, तर माणसाबरोबर बाटली आणि आतलं घडीपत्रकही दवाखान्यात न्या. त्यावर औषधाचं नाव आणि विषावरचा उतारा छापलेला असतो. डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

औषधं कुलूपबंद खोक्यात ठेवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा आणि लाल रंगाचा पट्टा ओढा. ज्याला वाचता येत नाही, त्याला रंग कळतो.

दुसरं काम बियाण्याचं

चाकणचा कांदा बाजार सर्वांना ठाऊक आहे. कांद्याचं बी सगळं काळं, एकसारखं. भीमा सुपर हे खरीप आणि रांगड्या हंगामाचं वाण, तर भीमा किरण रब्बीचं. ही वाणं आपल्याच तालुक्यात राजगुरुनगरला असलेल्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची. दोन्ही बियाणी मुठीत घेऊन कोणतं कुठलं ते कुणाला सांगता येईल? रब्बीचं बी खरिपात पडलं तर कांदा नीट पोसत नाही. खरिपाचा कांदा चाळीत टिकत नाही. चूक कळते तेव्हा हंगाम गेलेला असतो.

दुसरं असं की, कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती साध्या साठवणीत वर्षभरात बरीच उतरते. म्हणून डब्यावर तीन गोष्टी लिहा: वाण, हंगाम आणि बी धरल्याचं वर्ष.

विकतच्या बियाण्याच्या पिशवीला खूणचिठ्ठी असते. पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी, सत्यप्रत बियाण्याची हिरवी. पेरणी झाली की ती फेकू नका. पिशवी, खूणचिठ्ठी, पावती आणि मूठभर बी एका पाकिटात घालून वर गट नंबर आणि पेरणीची तारीख लिहा. बी उगवलं नाही तर तक्रारीला हाच आधार.

तिसरं काम कागदांचं

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढं या पट्ट्यातल्या गावोगावच्या जमिनींना कारखान्यांसाठी, वसाहतींसाठी, रस्त्यांसाठी मागणी आली. अशा भागात कागद वेळेवर न सापडणं महागात पडतं.

सगळे कागद एका पिशवीत कोंबू नका. वेगवेगळी पाकिटं करा: सातबारा व आठ-अ, खरेदीखत व वाटणीपत्र, फेरफार व वारसनोंद, मोजणीचा नकाशा, भूसंपादनाच्या नोटिसा, निवाडा व मोबदल्याचे कागद, सोसायटी व बँकेचं कर्ज. पाकिटावर गट नंबर लिहा आणि त्याशेजारी जुना सर्व्हे नंबरही लिहा. एकत्रीकरणाआधीच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्हींचा मेळ आजोबांना तोंडपाठ असतो. पण तो पाकिटावर उतरला नाही, तर आजोबांबरोबर जातो.

नोटीस आली की ती मिळाल्याची तारीख आणि हरकतीची शेवटची तारीख पाकिटावर ठळक लिहा. नोटिशीला मुदत असते. आणि एक ध्यानात ठेवा, मूळ दस्तावर काही चिकटवू नका. चिठ्ठी फक्त पाकिटाला.

वजनकाट्याच्या, दुकानाच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची अक्षरं उन्हानं, उष्णतेनं उडून जातात. त्यांची लगेच झेरॉक्स काढा.

यंत्र घ्यावं का?

हातात मावणारी लेबलाची यंत्रं दोन प्रकारची असतात. एकात अक्षरांची चकती फिरवून दांडा दाबायचा. चकतीवरचं अक्षर प्लॅस्टिकच्या पट्टीत दाबलं जातं, आणि ताणलेली जागा पांढरी पडून अक्षर दिसतं. याला वीज नको, शाई नको. मात्र चकतीवर बहुधा इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. गट नंबर आणि वर्ष टाकायला तेवढं पुरतं. दुसऱ्या प्रकारात बटणं दाबून मजकूर लिहितात आणि यंत्र उष्णतेनं तो पट्टीवर उमटवतं. मोबाइलला जोडता येणाऱ्या काही यंत्रांवर मराठीही छापता येतं. दोन्हींत पट्टी संपली की नवी घ्यावी लागते. तो खर्च आधी विचारून घ्या. सोसायटीच्या किंवा दूध संस्थेच्या कचेरीत पुष्कळ फायली असतात, तिथं यंत्र उपयोगी पडेल. घरापुरतं म्हणाल तर जाड शाईचा पेन, कागद आणि पारदर्शक चिकटपट्टी भागवून नेते.

लावायची रीत

डबा कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तेल, धूळ असेल तर पट्टी धरत नाही. चिठ्ठी झाकणाला लावू नका, अंगाला लावा. झाकणं बदलतात, डबा बदलत नाही. पोत्याला डिंक धरत नाही, म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधा आणि तसाच एक आत टाका. ओलीच्या जागी शिसपेन्सिलीनं लिहिलेलं टिकतं, शाई पसरते. डब्यातला माल बदलला की जुनी चिठ्ठी त्याच क्षणी काढा. खोटी चिठ्ठी बिनचिठ्ठीच्या डब्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.

स्टार्टरच्या पेटीवर कोणतं बटण विहिरीचं, कोणतं घराचं, तेही लिहून ठेवा. अंधारात शोधाशोध नको.

सगळं एका दिवसात होणार नाही. आज संध्याकाळी फक्त औषधांच्या फळीपासून सुरुवात करा. पोरांना बरोबर घ्या. त्यांचं अक्षर आपल्यापेक्षा चांगलं असतं, आणि लिहिता लिहिता कशाला हात लावायचा नाही, हेही त्यांना कळतं.