दुपटीच्या डावाचा हिशेब

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शिव-पार्वतीच्या सारीपाटाची कथा तिला जोडलेली असली, तरी मला त्या दिवशी आठवतो सभापर्वातला युधिष्ठिर. तिथे फासे शकुनीचे होते, हे खरे. पण हरत गेला तसतसा धर्मराज पण वाढवत गेला, हेही खरे. हरल्यावर डाव वाढवायचा, ही खोड फार जुनी.

युरोपात या खोडीला पद्धतीचे रूप आले आणि ‘मार्टिंगेल’ असे नाव मिळाले. 1754 मध्ये व्हेनिसच्या जुगारघरात कॅसानोव्हा याच रीतीने खेळत होता, तोही प्रेयसीच्या पैशाने. आधी जिंकला, मग तिची सोन्याची नाणी घालवून बसला. आत्मचरित्रात त्याने ते स्वतःच लिहून ठेवले आहे.

नियम सोपा आहे. शंभर रुपये लावा. हरलात तर दोनशे, पुन्हा हरलात तर चारशे. कधीतरी जिंकालच, आणि जिंकलात की मागचे सारे भरून निघून वर शंभर उरतील. आमच्या तालुक्याच्या गावी क्रिकेटच्या हंगामात ही युक्ती स्वतःच्या शोधासारखी सांगणारी मुले भेटतात. सलग दहा वेळा हरल्यास 1,02,300 रुपये गेलेले असतात आणि अकराव्या खेपेला 1,02,400 लावायचे असतात, तेही शंभर रुपयांच्या फायद्यासाठी, हे त्यांना सांगितले तर उत्तर ठरलेले: “दहा वेळा कोण हरतंय?”

दहा वेळा हरायची गरजच नाही. वरचा हिशेब रुपयाला रुपया मिळतो असे धरून केलेला आहे. खेळावरच्या पैजेत तसा भाव क्वचित मिळतो. दोन्ही संघ तुल्यबळ असतील तर बुकी दोघांवरही, समजा, रुपयाला 90 पैसे देतो; मधले दहा पैसे ही त्याची कमाई. आता वही घेऊन बसा. पहिल्याच डावाला जिंकलात तर 90 रुपये सुटले. दुसऱ्याला जिंकलात तर 180 मिळाले, आधीचे 100 गेले होते, उरले 80. तिसऱ्याला 60, चौथ्याला 20. पाचव्या डावाला 1,600 लावून जिंकलात तर मिळतात 1,440. पण तोवर 1,500 गेलेले असतात. म्हणजे जिंकूनही 60 रुपयांचा तोटा! पद्धतीचे मूळ वचनच इथे मोडते. ते पाळायचे तर दुपटीहून अधिक वाढवत जावे लागते, आणि मग गंगाजळी आणखी लवकर आटते.

सलग सहा हार म्हणजे 6,300 रुपये. असे होण्याची शक्यता 64 मध्ये एक, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. परंतु दोनशे समसमान पैजांच्या ओघात कुठे ना कुठे सलग सहा हार येण्याची शक्यता पाचात चार इतकी आहे. दरम्यान लहान लहान जिती होत राहतात आणि त्यांनीच विश्वास बसतो. उधारीवर खेळणाऱ्याचे घर बुडते ते बहुधा अशा एखाद्याच संध्याकाळी.

याहून सौम्य पद्धतीही आहेत. दालाँबेरच्या नावाने चालते तीत हरल्यावर डाव एका मापाने वाढवायचा, जिंकल्यावर एका मापाने उतरवायचा. फ्रेंच गणिती मोठाच. पण नाणे दोनदा उडवून एकदा तरी छाप येण्याची शक्यता त्याने 1754 च्याच एका कोशलेखात तीनचतुर्थांशाऐवजी दोनतृतीयांश मांडली होती! लाबुशेर हा इंग्रज खासदार कागदावर आकडे मांडून दोन्ही टोकांच्या बेरजेइतका डाव लावी, जिंकल्यावर ते दोन्ही खोडी आणि हरल्यावर ती बेरीज शेवटी लिही. या सर्वांमागे एकच समजूत आहे: इतके हरलो, आता जिंकायची पाळी आली. माँटे कार्लोत 1913 च्या ऑगस्टमध्ये चक्रावर सलग 26 वेळा काळा आला आणि लालची ‘पाळी’ धरून बसलेले लोक धुऊन निघाले.

90 पैशांच्या भावात तुल्यबळ सामन्यावर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी पाच रुपये जातात. पैजा कोणत्याही क्रमाने मांडा, उण्यांची बेरीज उणेच येणार. क्रमाने बदलते ते तोट्याचे रूप: रोज थोडे जायचे की एकदम सारे.

1956 मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केलीने नेमकी उलटी वाट मांडली. गंगाजळीचा ठरावीक हिस्साच लावायचा, म्हणजे हरल्यावर डाव आपोआप लहान होतो. वरच्याच भावात तुमचा संघ जिंकण्याची शक्यता खरोखर 55 टक्के असेल, तर हिस्सा येतो पाच टक्के: दहा हजारांतले 500, हरल्यावर पुढचा डाव 475. शक्यता 50 टक्केच असेल तर सूत्राचे उत्तर उणे येते, म्हणजे लावूच नका. आता आपला अंदाज 55 चा आहे की 50 चा, हे पारखायला सुमारे चारशे पैजांची नोंद हवी, आणि ती पैसे न लावताही वहीत ठेवता येते.